मदत हवी आहे: लँड क्रूझर एफजेवरून चाहत्यांची जुंपली आहे, त्यातलं मनावर काय घ्यायचं?

रानवाट

नमस्कार मंडळी,

आतापर्यंत वाचनमात्र होतो, आज पहिल्यांदा धागा काढतोय. सांभाळून घ्या.

टोयोटाने ऑक्टोबर २०२५ मध्ये छोटी लँड क्रूझर एफजे जाहीर केली, तेव्हापासून तिच्याबद्दल मिळेल ते वाचतोय, बघतोय. चौकोनी अंग, मागच्या दारावर स्टेपनी, लॅडर फ्रेम (शिडीसारखा वेगळा पोलादी सांगाडा), लो रेंज (अवघड वाटेसाठीचे सावकाश, जोरकस गियर). बघताक्षणी मनात भरली. मग गाडीवेड्या लोकांच्या प्रतिक्रिया वाचायला लागलो आणि गोंधळ उडाला.

एक गट म्हणतो, २.७ लिटरचं ‘टूटीआर’ नावाचं पेट्रोल इंजिन २००४ पासून चालत आलंय, शिळ्या कढीला ऊत आणलाय. १६३ पीएस ताकद आणि २४६ न्यूटन मीटर टॉर्क (चाकं फिरवणारा पीळ) एवढ्यावर लँड क्रूझरचं नाव लावायची हिंमत कशी होते? डिझेल नाही, मॅन्युअल नाही, फोर बाय फोरसुद्धा पार्ट-टाइम (चारही चाकांना कायम जोर नाही, हवा तेव्हाच). ‘आखूड केलेली फॉर्च्युनर’ हे तर जागोजागी वाचलं. दुसरा गट म्हणतो, जुनं इंजिन आहे म्हणूनच घ्यायची. तिसरा गट प्रत्येक ठिकाणी येऊन सुझुकीच्या छोट्या फोर बाय फोरचं नाव घेत ‘जिम्नी घ्या आणि सुखी राहा’ एवढंच लिहून जातो.

मला ऑफ-रोडिंगच्या स्पर्धेत उतरायचं नाही. घरी चार माणसं, रोजचं चालवणं डांबरी रस्त्यावर. पण नेहमीच्या एका वाटेचा शेवटचा तुकडा कच्चा आणि चढाचा आहे, पावसाळ्यात तिथे माझी हॅचबॅक हात टेकते. आधी कधी फोर बाय फोर चालवलेली नाही. मग या भांडणांतला कुठला मुद्दा माझ्यासारख्याला लागू पडतो आणि कुठला नुसता चाहत्यांचा रुसवा? जाणकारांनी कृपया समजावून सांगावं.

ढकलस्टार्ट

धाग्यात ‘छोटी’ हा शब्द वाचून हसलो. लांबी ४५७५ मिमी, रुंदी १८५५, उंची १९६०. ही छोटी फक्त थोरल्या भावंडांशेजारी उभी केली तर.

पण एक गंमत सांगतो. एफजेचा व्हीलबेस २५८० मिमी आहे आणि पाच दारांच्या जिम्नीचा २५९०. म्हणजे दोन चाकांमधलं अंतर जवळपास सारखंच, तरी एफजे तिच्यापेक्षा ५९० मिमी लांब. ही सगळी जादा लांबी पुढच्या चाकांच्या पुढे आणि मागच्या चाकांच्या मागे गेली. खड्ड्यातून बाहेर पडताना बंपर घासतो तो याच भागाचा. उलट, कंपनी एफजेची टर्निंग रेडियस ५.५ मीटर सांगते, पाच दारांच्या जिम्नीची ५.७. मोठी गाडी कमी जागेत वळते, हे फारसं कुणी लिहिलेलं दिसलं नाही. सगळे इंजिनावरच अडकलेत.

आणि रुंदी बघा. जिम्नी १६४५ मिमी, म्हणजे एफजे जवळजवळ वीतभर जास्त रुंद. तुमची वाट अरुंद असेल, दोन्ही बाजूंना झुडपं असतील, तर ती वीत पीएसपेक्षा महत्त्वाची.

तेलकट हात

रानवाट, आधी इंजिनाचं बोलू, कारण आरडाओरडा तिथेच जास्त आहे.

लोक चिडलेत ते तुलनेमुळे. लँड क्रूझर २५० मध्ये २.८ लिटरचं डिझेल मिळतं, ५०० न्यूटन मीटरचं. त्याच नावाच्या धाकट्या गाडीला निम्म्याहून कमी टॉर्क दिला की चाहता बोंबलणारच. पण तुमच्या चढावर याने काय फरक पडतो? लो रेंज टाकली की ट्रान्सफर केसमध्ये (जोर पुढच्या-मागच्या चाकांत वाटणारा डबा) आणखी एक गियर मध्ये येतो. जिम्नीत तो साधारण २:१ असतो. इंजिन तेवढंच फिरतं, चाकाचा वेग निम्मा होतो आणि चाकापर्यंत पोचणारा टॉर्क दुप्पट. चालण्याच्या वेगाने दगडांवरून जायला २४६ न्यूटन मीटर भरपूर झाले. जिम्नीचं १.५ लिटर इंजिन १३४ न्यूटन मीटरचं आहे आणि ती भल्याभल्यांना मागे टाकून वर जाते, कारण तिचं वजन जेमतेम १२०० किलो.

टर्बो नसलेल्या जुन्या इंजिनाचा फायदा खरा आहे. कमी भानगडी, जगभर ओळखीचं, आणि ॲक्सिलरेटर हलका दाबला तर तेवढंच हलकं उत्तर मिळतं. चिखलात हा गुण फार कामाचा.

पार्ट-टाइमचा मुद्दा मात्र रुसवा नाही. तो नीट समजून घ्या. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. फुल-टाइम गाडीत मधला डिफरन्शियल (चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गियरसंच) हा फरक पोटात घेतो. पार्ट-टाइममध्ये तो नसतो, पुढचा आणि मागचा ॲक्सल (चाकांचा आस) एकमेकांना जखडलेले असतात. माती, चिखल, वाळू असेल तर टायर थोडे घसरून हिशेब पुरा करतात. कोरड्या डांबरावर त्यांना घसरता येत नाही, मग स्टिअरिंग जड होतं, गाडी अडखळल्यासारखी वळते आणि सगळा ताण ड्राइव्हलाइनवर येतो. त्यामुळे तुमच्या रोजच्या रस्त्यावर ही गाडी फक्त मागच्या चाकांवर चालणार. फोर बाय फोर घेतली म्हणजे पावसात हायवेवर चारही चाकांची पकड मिळेल अशी समजूत असेल, तर ती आत्ताच सोडा.

फर्स्टगियर

तेलकट हात यांच्याशी अर्धाच सहमत. चढावर इंजिन पुरेल, कबूल. पण धागाकर्ते स्वतः लिहितायत की रोजचं चालवणं डांबरावर. तिथे लो रेंज कुणी टाकत नाही. लॅडर फ्रेमची, विटेसारख्या आकाराची जड गाडी, त्यात १६३ पीएस. ओव्हरटेक करताना आधी विचार करावा लागणार आणि पेट्रोलची तहानही आलीच. ज्यांनी हेच इंजिन मोठ्या अंगाच्या गाड्यांत चालवलंय ते ‘दमदार’ हा शब्द कधी वापरत नाहीत, ‘दणकट’ म्हणतात.

चाहत्यांचा राग मला तरी नुसता रुसवा वाटत नाही. हायब्रिडमध्ये एवढं नाव कमावलेल्या कंपनीने इथे ते दिलं नाही, म्हणजे स्वस्तातला मार्ग निवडला असं लोकांना वाटलं तर चूक काय?

तेलकट हात

@फर्स्टगियर, हायवेबद्दल तुमचं बरोबर. मी चढापुरतंच बोलत होतो.

@रानवाट, तुमची हॅचबॅक नेमकी कुठे आणि कशी अडकते ते सविस्तर लिहा. नाहीतर आपण सगळे हवेतच गोळ्या मारत बसू.

रानवाट

सगळ्यांचे आभार. वीतभर रुंदीचा मुद्दा माझ्या ध्यानातच आला नव्हता.

चढ फार मोठा नाही. पण मध्येच पाण्याने तिरपी चर पडली आहे. पुढचं उजवं चाक चरीत उतरलं की तेच हलकं होतं आणि जागेवर गरगर फिरतं. डावं ढिम्म. रेस वाढवली की फक्त खडे उडतात आणि क्लचचा वास येतो. मग उतरून दगड लावायचे आणि सगळ्यांनी ढकलायचं. खाली चिखल असा नाही, बारीक मुरूम आणि सुटे दगड.

तेलकट हात

आता चित्र स्पष्ट झालं. तुमची अडचण ताकदीची नाहीच, डिफरन्शियलची आहे. साधा, म्हणजे ओपन डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखाच टॉर्क देतो. हवेतल्या चाकाला फिरायला टॉर्क लागतच नाही, म्हणून जमिनीवरच्या चाकालाही जवळपास शून्यच मिळतो. इंजिन ३०० पीएसचं बसवलं तरी खडेच उडतील.

फोर बाय फोरमध्ये मागचा ॲक्सलही ढकलायला येतो, बरेचदा तेवढ्यावर काम भागतं. पण तिरप्या चरीत समोरासमोरच्या कोपऱ्यातली दोन चाकं, पुढचं उजवं आणि मागचं डावं, एकाच वेळी हलकी होऊ शकतात. तिथे साधी फोर बाय फोरसुद्धा उभी राहते. यावर दोन उपाय असतात. एक डिफ लॉक, जो ॲक्सलची दोन्ही चाकं जखडून टाकतो. दुसरा ब्रेकवर चालणारा ट्रॅक्शन कंट्रोल. गरगरणाऱ्या चाकाला संगणक ब्रेक लावतो, मग डिफरन्शियलला जमिनीवरच्या चाकाकडे टॉर्क पाठवावाच लागतो. जिम्नीत हा दुसरा प्रकार आहे.

नवखे गंडतात ते इथेच. चाक फिरायला लागतं, खालून टकटक आवाज येतो, आणि माणूस घाबरून पाय काढून घेतो. नेमका त्याच क्षणी ब्रेक पकडणार असतो. ॲक्सिलरेटर स्थिर ठेवून दोन श्वास थांबलं तर गाडी आपसूक पुढे सरकते.

चरीसाठी आणखी एक गोष्ट, सस्पेन्शन. जिम्नीला पुढे-मागे दोन्हीकडे अखंड ॲक्सल आहे. दगडाने एक चाक वर उचललं की दुसरं खाली दाबलं जातं, म्हणून चाकं जमीन सोडायला तयार नसतात. एफजे आयएमव्ही, म्हणजे टोयोटाच्या हायलक्स-फॉर्च्युनरच्या घराण्यातली, पुढे स्वतंत्र सस्पेन्शन. डांबरावर ते जास्त सुखाचं आणि स्टिअरिंगही नेमकं. पण स्प्रिंग दबली की गाडीचं पोट खाली येतं. अखंड ॲक्सलमध्ये सर्वांत खालचा भाग म्हणजे डिफरन्शियलचा गोळा, तो चाकांबरोबरच वर-खाली होतो, त्यामुळे त्याच्याखालची जागा कमी होत नाही. म्हणून नुसता ग्राउंड क्लिअरन्सचा आकडा बघून दोन गाड्यांची तुलना करू नका.

मागच्या सीटवरून

चार माणसांचं घर आहे असं धाग्यात वाचलं म्हणून लिहिते. ‘जिम्नी घ्या आणि सुखी राहा’ लिहिणारे मागे बसून कुठे गेलेत का? पाच दारांची जिम्नीसुद्धा चारच जणांची आहे आणि मागची सीट उभी असताना डिकी २०८ लिटर. चौघांच्या बॅगा त्यात मावत नाहीत, मग त्या मांडीवर येतात. पाहुणा आला तर काय करायचं हा प्रश्न वेगळाच. एफजे पाच जणांची आहे.

शिवाय सुरक्षा. तीन दारांच्या जिम्नीला २०१८ मध्ये युरो एनकॅपने (गाड्यांची धडक चाचणी घेणारी संस्था) तीन तारे दिले होते. महिंद्राच्या थार रॉक्सला भारत एनकॅपमध्ये पाच मिळाले. चाचण्या वेगळ्या, त्यामुळे तारे शेजारी ठेवून थेट मोजू नयेत हे मान्य. पण चाहत्यांच्या चर्चेत रॅम्प ब्रेकओव्हर अँगलवर (पोट न टेकता उंचवटा ओलांडता येणारा कोन) पानंच्या पानं आणि एअरबॅगवर एक ओळ, हे काही पटत नाही.

ढकलस्टार्ट

+१. आणि प्रतिक्रियांचंच विचाराल तर जिम्नीची कहाणी बघा. पाच दारांची आवृत्ती जानेवारी २०२३ मध्ये दिसली तेव्हा कट्टर मंडळींनी नाकं मुरडली. लांबवून वाट लावली म्हणे. त्यांचं गणित चुकीचं नव्हतं. कंपनीच्याच आकड्यांत रॅम्प ब्रेकओव्हर अँगल २८ अंशांवरून २४ वर आला. पुढे भारतात विक्री थंड राहिली, तेव्हा ‘आम्ही सांगत होतो’ सुरू झालं. मग तीच भारतात बनलेली गाडी ३० जानेवारी २०२५ ला जपानमध्ये ‘नोमाड’ नावाने आली आणि चार दिवसांत सुमारे ५०,००० मागण्या आल्या. कंपनीचं नियोजन महिन्याला १२०० गाड्यांचं. बुकिंगच बंद करावं लागलं. गाडी तीच, व्हीलबेस तोच.

फर्स्टगियर

जपानची उडी बघून गाडी घ्यायची तर कठीण आहे राव. तिथे छोट्या गाड्यांचं वेड वेगळं.

रानवाट, मी तुमच्या जागी असतो तर एफजे हाताला लागेपर्यंत कशालाच हो म्हटलं नसतं. आणि तोवर थार रॉक्स फोर बाय फोर एकदा चालवून बघितली असती. तिच्या काही प्रकारांत मागचा डिफ लॉक मिळतो, तुमच्या चरीवरचं थेट औषध. फक्त व्हीलबेस २८५० मिमी आहे, चढाचा माथा टोकदार असेल तर पोट टेकेल.

रानवाट

बरंच डोक्यात शिरलं. म्हणजे इंजिनाचं भांडण माझ्या चढासाठी गैरलागू, हायवेसाठी लागू. पार्ट-टाइम, रुंदी आणि डिफ लॉक हे माझे खरे प्रश्न. चढाचा माथा टोकदार नाही, सपाट होत जातो.

शेवटचं विचारतो. गाडी चालवून बघायला मिळाली तर नवख्या माणसाने काय तपासावं? शोरूमचा माणूस गुळगुळीत रस्त्यावर एक चक्कर मारून आणेल, त्यातून कळणार काय?

तेलकट हात

चकरेआधी टेप घेऊन चढावर जा. चर किती खोल, वाट सर्वांत अरुंद कुठे, ते मोजून ठेवा. कुठल्याही माहितीपत्रकापेक्षा हे आकडे तुमच्या उपयोगाचे.

शोरूममध्ये गाडीखाली वाकून बघा, आधी लाजू नका. सर्वांत खाली काय लोंबतंय, त्याला संरक्षक पत्रा आहे का, टोइंग हूक पुढे-मागे आहेत का. फोर बाय फोरमध्ये टाकायला सांगा. लो रेंज शक्यतो गाडी थांबवून, न्यूट्रलमध्ये टाकतात, ते स्वतः करून बघा. बाजूला कच्ची जागा असेल तर लो रेंजमध्ये ब्रेकवर पाय न ठेवता उतार उतरू द्या, गाडी किती सावकाश येते ते कळेल. डिफ लॉक आहे का आणि कुठल्या प्रकारात आहे, हे लेखी विचारा. तोंडी ‘आहे ना सर’ ऐकून येऊ नका, बरेचदा ते ट्रॅक्शन कंट्रोललाच डिफ लॉक म्हणतात.

आणि गाडी कुठलीही घ्या, सोबत आलेले गुळगुळीत हायवे टायर बदलून ऑल-टेरेन, म्हणजे कच्च्या वाटेलाही चालणारे, टाका. मुरुमाच्या चढावर हवा थोडी कमी करा म्हणजे टायर पसरून पकडतो, डांबराला लागण्याआधी पुन्हा भरा. त्यासाठी छोटा कंप्रेसर आणि गेज डिकीत ठेवा. तुमच्या हॅचबॅकचे टायर किती झिजलेत तेही आज बघून घ्या. पावसाळा गाडी येण्याआधी आला तर निदान ढकलणं कमी होईल.