बी३५० बोर्डवर रायझन ५६०० चालेल का? फक्त प्रोसेसर बदलायचाय

सांजवात: २०१७ मध्ये जोडलेलं मशीन आहे. रायझन ५ १६००, बी३५० चिपसेटचा बोर्ड, १६ जीबी डीडीआर४ रॅम, वेगळं ग्राफिक्स कार्ड. विंडोज १० चा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला आणि विंडोज ११ ला चालणाऱ्या प्रोसेसरच्या यादीत १६०० नाही. सॉकेट, म्हणजे प्रोसेसर बसतो ती जागा, दोघांची एएम४ च आहे, मग ५६०० चालेल ना? पैसे फक्त प्रोसेसरपुरते आहेत. बोर्ड आणि रॅम बदलायला सांगू नका, प्लीज.

लोखंडी_पेटी: एएम४ वर आता पैसे घालूच नका. मी बोर्ड, प्रोसेसर, डीडीआर५ सगळं एकदम घेतलं. एएम५ या नव्या सॉकेटसारखं सुख नाही.

सांजवात: दादा, रॅमचं वर लिहिलंय.

खटपट्या: बसेल म्हणजे चालेलच असं नाही. पिना जुळल्या तरी बायोसला, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या बोर्डावरच्या सॉफ्टवेअरला, प्रोसेसर ओळखता आला पाहिजे. तुमच्या बी३५० सारख्या ३०० सिरीजच्या बोर्डांना ५६०० सारख्या ५००० सिरीजच्या प्रोसेसरची वाट एएमडीने २०२२ मध्ये मोकळी केली, पण तुमच्या बोर्डाच्या कंपनीने तसं बायोस काढलेलं हवं. बोर्डाचं मॉडेल आणि रिव्हिजन (आवृत्ती) दोन्ही बघा. रिव्हिजन बोर्डावरच बारीक अक्षरात छापलेली असते, टॉर्च मारा. मग कंपनीच्या साइटवर सीपीयू सपोर्टची यादी उघडा, प्रत्येक प्रोसेसरसमोर किमान बायोस दिलेलं असतं. तुमचं आत्ताचं बायोस विंडोजच्या एमएसइन्फो३२ मध्ये दिसेल.

आडवा_पाऊस: इंटेलचंही हेच. माझा एलजीए ११५१ सॉकेटचा, सहाव्या पिढीचा बोर्ड. सॉकेट तोच म्हणून आठव्या पिढीचा आय५ आणला. बसला अगदी छान, चालू काही झाला नाही. आठव्या पिढीला इंटेलचा ३०० सिरीजचा चिपसेट लागतो हे नंतर कळलं. दुकानदाराने परत घेतला नाही तो नाहीच.

लोखंडी_पेटी: म्हणूनच एएम५ म्हणतोय.

खटपट्या: अहो, त्यांच्याकडे चांगली डीडीआर४ पडून आहे. एएम५ वर ती चालतच नाही.

रात्रपाळी: ताई, माझं ऐका. मी नवा प्रोसेसर आधी बसवला, बायोसचं नंतर बघू म्हटलं. पंखे फिरतायत, स्क्रीन काळी. जुना तोवर विकून मोकळा झालेलो. आठवडाभर मशीन बंद, शेवटी ओळखीच्याकडून जुना प्रोसेसर मागून आणला. अपडेट जुना बसलेला असतानाच करा. कूलर काढण्याआधी मशीन पंधरा-वीस मिनिटं चालवा, कूलरखालची पेस्ट मऊ होते. मग बंद करून, वायर काढून, कूलर हलकेच डावीउजवीकडे फिरवत सुटा करा. सरळ ओढलात तर प्रोसेसर सॉकेटमधून उपटून हातात येतो. माझ्या दोन पिना वाकल्या, ब्लेडच्या पात्याने सरळ करताना घाम फुटला.

चौथी_खिडकी: ५८००एक्स३डी घ्या. मी घेतलाय, गेम लोण्यासारखे चालतात. बायोस मात्र आधी अपडेट करा.

खटपट्या: बजेट वाचलंत का? १०५ वॉटचा आहे तो, कूलरही बॉक्समध्ये येत नाही. ताई, ५६०० च बघा, ६५ वॉट, कूलर सोबत. बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कचं कुलूप, चालू असेल तर रिकव्हरी की आधी कागदावर उतरवा.

रात्रपाळी: +१. बायोस करा आणि ५६०० घ्या.

सांजवात: यादी सापडली. ५६०० आहे, पण त्यासाठीचं बायोस अजून बीटा, म्हणजे चाचणीतलं, आणि ते टाकल्यावर मागे जाता येत नाही. माझ्या यूपीएसची बॅटरी गेलीय, आमच्याकडे वीज कधीही जाते. फ्लॅश, म्हणजे बायोस अपडेट, अर्ध्यात थांबला तर बोर्डच गेला. यादीत रायझन ५ ३६०० ही आहे आणि आत्ताचं बायोस त्याला पुरतं. विंडोज ११ च्या यादीतही आहे. वापरलेला ३६०० घेतेय.

चौथी_खिडकी: २०१९ चा प्रोसेसर आता? पस्तावाल.

खटपट्या: माझ्या मते यूपीएसची बॅटरी बदलून ५६०० घ्यावा. पण ठीक, पिना भिंगाखाली तपासून घ्या.

सांजवात: आज बसवला. कूलर फिरवूनच काढला, प्रोसेसर जागेवर राहिला. चालू करताच एफटीपीएम (प्रोसेसरमधली सुरक्षेच्या किल्ल्या ठेवायची जागा) रीसेट करू का, वाय की एन, असं विचारलं. बिटलॉकरची रिकव्हरी की लिहून ठेवली होती, वाय दाबलं. विंडोज ११ डाउनलोड होतंय, ४३ टक्के.