आठवडाभराचा नॅरोबोट प्रवास: मार्ग कोणता निवडावा आणि खोळंब्याची तजवीज कशी करावी?

प्रश्न (संथवाहिनी): पुढच्या जूनमध्ये आम्ही दोघे आणि माझे सासू-सासरे इंग्लंडमध्ये आठवडाभर नॅरोबोट (कालव्यांत चालणारी, राहण्याची सोय असलेली लांब-अरुंद बोट) भाड्याने घेण्याच्या विचारात आहोत. शनिवारी दुपारी बोट ताब्यात मिळेल आणि पुढच्या शनिवारी सकाळी ती परत द्यायची आहे. त्याच रात्री परतीचे विमान आहे. फोर काउंटीज रिंग हा गोलाकार मार्ग पूर्ण करावा की वेल्समधल्या लँगोलेन गावापर्यंत लँगोलेन कालव्याने जाऊन परत यावे, हे ठरत नाही. वाटेत अडकलो तर काय करावे, हेही जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर (काठावरचा): केवळ अंतर पाहू नका, लॉकही (पाण्याची पातळी बदलून बोट वर-खाली नेणारे दरवाजांचे हौद) मोजा. मैल आणि लॉक यांची बेरीज करून तिला तीनने भागले, की प्रवासाचे तास मिळतात, असा बोटवाल्यांचा ठोकताळा आहे. फोर काउंटीज रिंग सुमारे ११० मैलांची असून तिच्यावर ९४ लॉक आहेत, म्हणजे हिशेब ६८ तासांवर जातो. तुमच्या हाती पूर्ण दिवस सहाच असल्यामुळे रोज अकरा तासांच्या आसपास बोट चालवावी लागेल आणि लॉकचे दरवाजे पाठ लावून रेटावे लागतील, तेही कुठे काही बिघडले नाही तर. शिवाय याच मार्गावरच्या हेअरकॅसल बोगद्यातून एका वेळी एकाच दिशेच्या बोटी सोडतात, त्यामुळे तोंडाशी ताटकळणे आलेच.

गोल मार्गाची खरी अडचण मात्र वेगळी आहे. निम्म्याहून पुढे गेल्यावर समोरचे लॉक नादुरुस्त झाले, तर आल्या वाटेने सगळे अंतर पुन्हा कापावे लागते. जाऊन-येऊन असलेल्या मार्गावर उशीर झालाच, तर ठरवल्यापेक्षा अलीकडून परत फिरता येते. अर्थात लांब बोट हवी तिथे वळत नाही, कारण कालव्याची रुंदी बहुतेक ठिकाणी तिच्या लांबीपेक्षा कमी असते. वळण्यासाठी मुद्दाम रुंद केलेल्या जागा नकाशावर दाखवलेल्या असतात आणि तिथे किती फुटांची बोट वळते, हे आधी पाहावे लागते.

म्हणून माझे मत लँगोलेनच्या बाजूने आहे. याच कालव्यावरच्या एल्समीर गावाच्या आसपास बोट घेतली, तर लँगोलेनपर्यंत न्यू मार्टनची दोनच लॉक लागतात आणि वाटेत १८०५ साली खुला झालेला, सुमारे ३८ मीटर उंचीचा पोन्टकसल्टे जलसेतू लागतो. या कालव्याला प्रवाह आहे, त्यामुळे जाताना वेळ जास्त लागतो. शेवटचा अरुंद भाग एकाच बोटीपुरता असल्याने एकाने काठाने पुढे चालत जाऊन समोरून कुणी येत नाही ना, हे पाहावे.

उत्तर (मंदगती): वरील मताशी सहमत आहे, भर एवढीच, की पूर्वेकडे ग्रिंडली ब्रुकच्या लॉकपाशी उन्हाळ्यात रांग लागते, तेव्हा त्या बाजूला जाऊ नये. कालवे बंद असल्याच्या सूचना कालव्यांची देखभाल करणाऱ्या कॅनल अँड रिव्हर ट्रस्टच्या संकेतस्थळावर मिळतात. त्या निघण्यापूर्वी आणि रोज सकाळी पाहाव्यात. २०२५ च्या कोरड्या उन्हाळ्यात पाण्याअभावी लीड्स-लिव्हरपूल कालव्याचा मोठा भाग बंद ठेवावा लागला होता. पाण्याची टाकी संधी मिळेल तिथे भरून घ्यावी, म्हणजे अडकून पडले तरी हाल होत नाहीत. आणि बोट परत देण्याच्या दिवशीच विमान ठेवणे मला तरी धाडसाचे वाटते.

संथवाहिनी: मनःपूर्वक आभार. विमान एक दिवस पुढे ढकलते. बोटच वाटेत बंद पडली तर?

काठावरचा: बहुतेक वेळा बोटीच्या पाण्यातल्या पंख्यात (प्रोपेलरमध्ये) प्लास्टिक किंवा दोर गुंतलेला असतो. इंजिन बंद करून किल्ली स्वतःच्या खिशात ठेवावी आणि मगच बोटीच्या मागच्या भागातले पंख्यावरचे झाकण उघडून हात घालावा. ते झाकण पुन्हा घट्ट बसल्याशिवाय इंजिन पुन्हा चालू करू नये, नाहीतर बोटीत पाणी शिरते. त्याने भागले नाही, तर बोट काठाला बांधून कंपनीला फोन करावा. कालव्यावरच्या पुलांना क्रमांक असतात. नुकताच मागे टाकलेल्या पुलाचा क्रमांक सांगितला, की दुरुस्तीची माणसे नेमकी तिथे पोहोचतात.