लॅपटॉपवर साइट झकास, पण मोबाईलवरून चौकशीच येत नाही. काय करावं?

सूक्ष्ममापी

मंडळी, थोडी मदत हवी आहे. आमचा मोजमापाची उपकरणं तपासून प्रमाणपत्र देण्याचा व्यवसाय आहे. व्हर्नियर, मायक्रोमीटर, प्रेशर गेज वगैरे. वेबसाइट नवीनच करून घेतली आहे आणि लॅपटॉपवर छान दिसते. अ‍ॅनालिटिक्समध्ये बघितलं तर निम्म्याहून जास्त लोक मोबाईलवरून येतात, पण चौकशीचे फॉर्म जवळपास सगळे कॉम्प्युटरवरून भरलेले. साइट बनवणारे म्हणतात, ‘रिस्पॉन्सिव्ह आहे, म्हणजे पडद्याप्रमाणे मांडणी बदलते, ब्राउझरची खिडकी लहान करून बघा.’ केली लहान. सगळं नीट एकाखाली एक येतं.

साइटवर काय काय आहे ते सांगतो. वर पाच फोटोंचा स्लायडर, मग सेवांचं सहा स्तंभांचं कोष्टक, दरपत्रकाची पीडीएफ, अकरा रकान्यांचा फॉर्म आणि उजव्या कोपऱ्यात चॅटचा गोळा. मेन्यूवर माउस नेला की उपमेन्यू उघडतो. पेजस्पीडला (गूगलची वेग तपासणारी चाचणी) मोबाईलचे गुण शंभरपैकी ३८ आले.

एक जण म्हणतो अ‍ॅप काढा, दुसरा म्हणतो मोबाईलसाठी वेगळी साइट करा. मला कोड येत नाही, पण नेमकं काय ते कळलं तर करून घेऊ शकतो. सुरुवात कुठून करू?

फटकळ

अ‍ॅप अजिबात नको. अधूनमधून गेज तपासून घेणारा माणूस त्यासाठी फोनमध्ये अ‍ॅप ठेवेल? दोन वेगळ्या साइटही नकोत. एकीकडे दर बदलाल, दुसरीकडे विसराल. रिस्पॉन्सिव्ह डिझाइन ही कल्पना वेब डिझायनर ईथन मार्कोटने २०१० मध्ये मांडली ती याच कटकटीतून सुटायला.

जुना टेकू

फटकळ यांच्याशी सहमत. आता सविस्तर लिहितो, चहा घेऊन बसा.

खिडकी लहान करून बघणं ही चाचणीच नव्हे. हातात माउस तसाच असतो, इंटरनेट ऑफिसचं असतं, प्रोसेसर लॅपटॉपचा असतो आणि मुख्य म्हणजे कीबोर्ड स्क्रीनवर उगवून अर्धं पान झाकत नाही. एखादा साधा अँड्रॉइड फोन घ्या, वायफाय बंद करा आणि ज्याने साइट कधी पाहिलेली नाही अशा माणसाच्या हातात द्या. ‘प्रेशर गेज तपासायला किती दिवस लागतात ते शोध आणि चौकशी पाठव’, एवढंच सांगा. मग गप्प बसा. हे सर्वांत अवघड. अंगठा कुठे अडतो ते लिहून घ्या, तीच तुमची कामांची यादी.

न बघताच सांगतो, अडणार फॉर्मवर. अकरा रकाने कशाला? पहिला फोन करण्याआधी यातली कोणती माहिती तुम्ही खरोखर वापरता? नाव, फोन, उपकरण कोणतं आणि किती नग. बाकीचं फोनवर विचारा. पुढे रकान्यांचा प्रकार. फोन नंबरचा रकाना ‘टेल’ प्रकारचा असेल तर आकड्यांचा कीपॅड येतो. तो साधा ‘टेक्स्ट’ ठेवला की बिचाऱ्याला अक्षरांच्या कीबोर्डवरून आकड्यांवर जावं लागतं. ‘ऑटोकम्प्लीट’ नीट लावलं तर नाव, ईमेल फोनच भरून देतो. रकान्यातली अक्षरं १६ पिक्सेलपेक्षा लहान असतील तर आयफोनची सफारी स्पर्श होताच पान मोठं करते, उजवी बाजू पडद्याबाहेर जाते आणि ‘पाठवा’ बटण शोधत फिरावं लागतं. रकान्याचं नाव फक्त आत फिकट अक्षरांत असेल तर तेही बदला. टाइप करायला लागलं की ते नाहीसं होतं, आणि मध्येच कोणाचा फोन आला की परतल्यावर कुठे काय भरत होतो ते कळत नाही. एक चूक झाल्यावर सगळा फॉर्म कोरा होतो का, हेही तपासा. तसं होत असेल तर माणूस पुन्हा भरत नाही, सरळ दुसरीकडे जातो.

बाकीचं भराभर. स्लायडर काढा, एकच फोटो ठेवा आणि तो कॅमेऱ्यातून जसाच्या तसा चढवू नका. फोनला लागेल त्या रुंदीचा, वेबपी किंवा एव्हीआयएफ या हलक्या प्रकारांत द्या. खालचे फोटो ‘लेझी’ (पान तिथवर सरकल्यावरच उतरणारे) चालतील, पण वरचा पहिला फोटो लेझी ठेवायचा नाही, तो उशिरा येतो. मेन्यू टिचकीने उघडला पाहिजे. बोटाला ‘होव्हर’ (माउससारखं न दाबता नुसतं वर थांबणं) नसतं. काही फोनवर पहिल्या टिचकीला उपमेन्यू दिसतो, काहींवर थेट दुसऱ्या पानावर उडी. दरपत्रक साध्या पानावर लिहा, पीडीएफ हवी तर सोबत राहू दे.

३८ गुणांचं फार मनाला लावून घेऊ नका. तो आकडा एका नकली मंद फोनवर आणि मंद नेटवर्कवर केलेल्या चाचणीचा असतो. खऱ्या वापरणाऱ्यांची आकडेवारी असेल तर ती त्याच्या वर दिसते. कमी वर्दळीच्या साइटला ती दिसतच नाही. दिसली तर तीन गोष्टी बघा : मुख्य मजकूर २.५ सेकंदांच्या आत दिसावा (एलसीपी), टिचकीला २०० मिलिसेकंदांत प्रतिसाद मिळावा (आयएनपी) आणि पानाची हालचाल ०.१ च्या आत असावी (सीएलएस). जुन्या लेखांत आयएनपीच्या जागी एफआयडी हे जुनं माप वाचाल. मार्च २०२४ पासून ते गेलं.

आडवी मात्रा

साइट मराठीत असेल तर अक्षरांकडेही बघा. इंग्रजी टेम्प्लेटमध्ये ओळींतलं अंतर कमी असतं, त्यात आपले रफार आणि उकार छाटले जातात. बटणांवर तर हमखास. मथळ्यांना ‘लेटर-स्पेसिंग’ (अक्षरांमधलं जादा अंतर) दिलेलं असेल तर शून्य करा, शिरोरेषा तुटून शब्दाचे तुकडे पडतात. जोडाक्षरांमुळे देवनागरी फॉन्टची फाइल बरीच मोठी असते, म्हणून साधा आणि ठळक एवढेच दोन प्रकार पुरे. ‘फॉन्ट-डिस्प्ले : स्वॅप’ लावा, म्हणजे फॉन्ट येईपर्यंत पान कोरं राहणार नाही.

सूक्ष्ममापी

टेकूभाऊ, सांगितलंत तसं केलं. फोन पुतणीच्या हातात दिला. तिने सगळ्यात आधी वरच्या फोन नंबरवर टिचकी मारली. काहीच झालं नाही, कारण नंबर बॅनरच्या चित्रातच छापलेला आहे! पुढे फॉर्मपर्यंत पोचली, तर चॅटचा गोळा बरोब्बर ‘पाठवा’ बटणावर. शिवाय पूर्ण पान डावी-उजवीकडे सरकतं. ते खिडकी लहान करून कधी दिसलं नव्हतं. साइटवाले म्हणतात, कोष्टकामुळे होतंय, मोबाईलवर ते काढूनच टाकू. काढू देऊ का?

जुना टेकू

पुतणीला सल्लागार नेमा.

कोष्टक काढू देऊ नका. मोबाईलवर आलेल्या माणसाला तीच माहिती हवी असते. शिवाय गूगल आता शोधाच्या अनुक्रमणिकेसाठी साइटची मोबाईल आवृत्तीच वाचतं. २०१६ मध्ये त्यांनी ते जाहीर केलं आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये काम पूर्ण झाल्याचं सांगितलं. मोबाईलच्या पानात नसलेला मजकूर गूगलच्या लेखीही नाही. प्रत्येक ओळीचं एक कार्ड करायला सांगा : वर उपकरणाचं नाव, खाली क्षमता, मुदत, दर. अगदीच जमलं नाही तर कोष्टक आपल्या चौकटीतल्या चौकटीत सरकू दे, पूर्ण पान नको. आणि पान सरकण्याचा दोष एकट्या कोष्टकाचाच असेल असं नाही. ठरावीक रुंदीचं चित्र किंवा न तुटणारा लांबलचक ईमेल पत्ताही ते करतो. तो सापडेपर्यंत ‘झालं’ म्हणू देऊ नका. ‘ओव्हरफ्लो हिडन’ (बाहेर जाणारा भाग नुसता लपवणं) लावून झाकलेलं तर मुळीच चालवून घेऊ नका.

नंबर अक्षरांत आणा आणि त्याला ‘टेल’ दुवा द्या. टिचकीची जागा ऐसपैस हवी. अ‍ॅपल ४४ पॉइंट सांगतं, अँड्रॉइड ४८ डीपी (दोन्ही पडद्यावरची मापं).

फटकळ

व्ह्यूपोर्ट टॅगमध्ये (पान फोनवर कसं मावावं ते सांगणारी कोडमधली ओळ) ‘युजर-स्केलेबल : नो’, म्हणजे पान मोठं करायला बंदी, लिहिलंय का तेही विचारा. असेल तर काढायला लावा. चाळिशीवाल्यांना चिमटीने मोठं करून वाचायचं असतं.

सूक्ष्ममापी

आहे. आत्ताच विचारलं. ‘डिझाइन बिघडू नये म्हणून’ टाकलंय म्हणे. काढायला सांगितलं. चॅटचा गोळा मात्र ते सोडायला तयार नाहीत.

जुना टेकू

चॅटला उत्तर कोण देतं तुमच्याकडे? कोणी बसत नसेल तर वाद घालायचं कारणच नाही, काढून टाका. बसत असेल तर फॉर्मच्या पानावर तो दाखवायचा नाही, एवढं एका ओळीत होतं.