नेदरलँड्समध्ये पीएचडी करताना डच शिकायची खरंच गरज आहे का?

धागाकर्ती: माझं तिसरं वर्ष चालूय. इथे पीएचडी म्हणजे रीतसर नोकरी, ४ वर्षांचा करार, पगार, वर्षाच्या पगाराच्या ८ टक्के सुट्टीचे पैसे वेगळे. पेपर इंग्लिशमध्ये, थिसीस इंग्लिशमध्ये, गाईड इटालियन. मग संध्याकाळी दमून आल्यावर डचचा क्लास कशाला? बोलायला जावं तर दुकानदारसुद्धा दुसऱ्या वाक्याला इंग्लिशवर येतो. माझं मत, नको.

नाशिककर: अजिबात पटलं नाही. बारा वाजता सगळे आपापला ब्रेड-चीजचा डबा उघडतात, आपण बसलोय म्हणून पाच मिनिटं इंग्लिश चालतं, मग गाडी डचवर. कुठल्या प्रोजेक्टला पैसे आले, पोस्टडॉक (पीएचडीनंतरची संशोधकाची नोकरी) कुणाला द्यायच्या गोष्टी चालल्यात, हे मीटिंगमध्ये नाही, त्या टेबलावर कळतं. मी दोन वर्षं मोबाइलमध्ये डोकं घालून बसलो होतो. आणि थिसीसच्या शेवटी डच सारांश लागतो ना बऱ्याच विद्यापीठांत? तो कुणाकडून तरी करून घेशील, म्हणजे स्वतःच्याच पुस्तकातली चार पानं तुला वाचता येणार नाहीत!

धागाकर्ती: सारांशाचं लागलं हां. पण पाहुणी टेबलावर असताना भाषा बदलणं हा उद्धटपणा त्यांचा, भुर्दंड मी का भरू?

परतीचा_प्रवासी: ताईंशी सहमत. पहिल्या वर्षाअखेरीस गो-नो-गो असतं, म्हणजे पुढे ठेवायचं की नाही याचा निर्णय, तिथे डच येतं का कुणी विचारत नाही, काम किती झालं विचारतात. घरात लहान मुलगी, करार संपला की आम्ही पुण्याला. शिकून बोलणार कुणाशी?

गेंटवाली: बेल्जियमला विसरलात, नेहमीप्रमाणे. इथे बऱ्याच जणांना पगार नाही, स्कॉलरशिप असते, तिच्यावर इन्कम टॅक्स नाही. पण पुढे फ्लांडर्समध्ये, म्हणजे बेल्जियमच्या डच बोलणाऱ्या भागात, प्राध्यापक व्हायचं तर ठराविक वर्षांत डच यावंच लागतं, कायदाच आहे. म्हणून शिकले. पुस्तकातलं डच घेऊन लॅबमध्ये गेले तर तिथे गेंटची बोली, म्हणजे प्रमाण मराठी शिकून थेट मालवणात उतरल्यासारखं. सहा महिने नुसती मान हलवली. तरी परतीवाल्या दादांचं पटत नाही, मुलीच्या पाळणाघरातून फोन आला की कळेल.

परतीचा_प्रवासी: पाळणाघरवाल्या इंग्लिश बोलतात हो.

नाशिककर: बोलतात, घाईत असल्या की नाही. असो. ताई, डिफेन्सला, म्हणजे थिसीसच्या तोंडी परीक्षेला, तुला डच लागणार नाही हे खरं, वेळ संपली की पेडेल (विद्यापीठाचा समारंभ सांभाळणारा अधिकारी) काठी आपटून 'होरा एस्ट' म्हणतो तेही लॅटिन. पण रात्रीच्या पार्टीत लॅबवाले तुझ्यावर डच गाणं रचून तुझी खेचतील तेव्हा कुठल्या कडव्याला हसायचं?

धागाकर्ती: आधी थिसीस तर होऊ दे रे.