विषय: गुरुवारी नर्सच्या नोकरीची मुलाखत, तीही जर्मनमध्ये

नमस्कार मंडळी,
मी मूळची सोलापूरची, गेल्या वर्षी स्टुटगार्टला आले. तिकडे ९ वर्षं मेडिकल वॉर्डात काम केलंय. जर्मन भाषेची बी-टू पातळीची परीक्षा पास झाले, नर्सिंगच्या शिक्षणाला इथे मान्यता मिळावी म्हणून कागद रेगिरुंग्सप्रेझिडियममध्ये, म्हणजे इथल्या सरकारी कार्यालयात दिलेत आणि आता एका इस्पितळाचं बोलावणं आलंय. नर्सिंगच्या प्रमुख आणि वॉर्डाच्या सिस्टर अशा दोघी मुलाखत घेणार आहेत. काम येतं हो मला, पण समोरचं माणूस भरभर बोलायला लागलं की हातपाय गळतात. कुणी या क्षेत्रातलं असेल तर सांगा, छाप पडावी म्हणून काय करू?
– सोलापूरकर

---

अगं, आधी अभिनंदन!

मी १४ वर्षं इथे वॉर्डात आहे, आणि हल्ली मुलाखतीत टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसते. एकच गोष्ट पोटतिडकीने सांगते. न कळलेल्या प्रश्नाला 'हो' म्हणू नकोस.

मोठ्यांना उलट विचारलं तर उद्धटपणा दिसेल, हे आपल्या हाडीमांसी भिनलेलं असतं. माझ्या पहिल्या मुलाखतीत बाईंनी विचारलं, रात्री पेशंट पलंगाखाली पडलेला दिसला तर आधी काय कराल? मला 'श्टुर्त्स' म्हणजे पडणं, हा शब्दच कळला नाही. मी हसून 'या, या', म्हणजे 'हो, हो' म्हणाले. त्यांनी पेन खाली ठेवलं. पुढची दहा मिनिटं गोड बोलल्या, पण कागदावर एक अक्षर लिहिलं नाही. तेव्हा फार वाईट वाटलं होतं. आज मी त्यांच्या जागी बसते तेव्हा पटतं. पाळी बदलताना इन्सुलिनची युनिटं सांगितली आणि न समजताच जी 'या' म्हणाली, तिच्या हवाली पेशंट कसा करायचा?

म्हणून 'क्योन्टन झी दास बिटे व्हीडरहोलेन', म्हणजे 'कृपया पुन्हा सांगाल का', हे तोंडपाठ कर. त्याहून चांगलं म्हणजे जे कळलं ते तुझ्या शब्दांत परत सांग, 'तुम्ही रात्रपाळीबद्दल विचारताय ना?' गेल्या वर्षी एका मुलीने आम्हाला चार वेळा थांबवून विचारलं. तिलाच घेतलं.

आणि होकार देताना मान आपल्यासारखी डावी-उजवीकडे डोलवू नकोस, इथे तो नकार वाटतो.

'ग्रुंडफ्लेगे'बद्दल विचारतीलच. अंघोळ घालणं, भरवणं, कूस बदलून देणं. तिकडे हे नातेवाईक नाहीतर मावशी करतात, इथे नर्स करते. तुला किती सवय आहे ते खरं सांग. बेडसोर, म्हणजे पडून राहून होणाऱ्या जखमा, होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलली असशील तर ते एका पेशंटच्या प्रसंगासकट सांग. आणि सांगताना 'आम्ही करायचो' नको, 'मी केलं' म्हण. एक दिवस वॉर्डात येऊन काम बघता येईल का, हे आपणहून विचार. त्याला 'हॉस्पिटात्सिओन' म्हणतात.
– लुडविग्सबुर्गची ताई

---

ताईंनी कामाचं सांगितलंच आहे, मी बाहेरचं सांगतो. एस-बानच्या, म्हणजे इथल्या लोकलच्या भरवशावर राहू नकोस पोरी, एक गाडी आधीची पकड. दोघींशीही हात मिळव, डोळ्यांत बघून आपलं आडनाव सांग. पाणी विचारलं तर घे, नको-नको करत बसू नकोस. मूल कधी होऊ देणार, गरोदर आहेस का, हे त्यांना विचारता येत नाही. २००६ पासून समान वागणुकीचा कायदा आहे. विचारलंच, तर खरं उत्तर द्यायला तू बांधील नाहीस.
– एसलिंगेनचे काका

---

ताई, 'या, या' वाचून पोटात गोळाच आला. परवा डॉक्टरांनी मला गोळ्या कशा घ्यायच्या ते सांगितलं, तेव्हा मी हेच केलं. बाहेर येऊन फार्मसीत पुन्हा विचारावं लागलं. वाक्य फ्रिजवर चिकटवलंय. काका, तुमचेही आभार, गाडी आत्ताच बघून ठेवते. पण ताई, चार वेळा विचारलं तर भाषा कच्ची आहे म्हणून नापास नाही ना करणार?

---

अगं, बी-टूचं सर्टिफिकेट त्यांच्यासमोर असतं, भाषा किती येते ते त्यांना माहीत असतं. त्यांना बघायचं असतं, अडल्यावर ही काय करते. शनिवारी ४ वाजता घरी ये, मी मुलाखत घेते. बेल वाजवल्यापासून जर्मनच बोलायचं. चहा नंतर, तेव्हा मराठी.