मदत हवी आहे: छोट्या फार्मा युनिटमध्ये आधी ई-बीएमआर (बॅचची नोंद कागदाऐवजी कॉम्प्युटरवर) घ्यायचं की लॅबचा डेटा नीट करायचा?

हिंगणा_क्यूए

नमस्कार मंडळी, हिंगणा एमआयडीसीतल्या एका छोट्या टॅब्लेट-कॅप्सूल युनिटमध्ये मी क्यूए (क्वालिटी अश्युरन्स) बघते. उलाढाल ५० कोटींच्या बरीच आत. नवीन शेड्यूल एम, म्हणजे औषध बनवण्याच्या दर्जाचे सरकारी नियम, आल्यापासून (डिसेंबर २०२३ ची अधिसूचना) एसओपी (कामाच्या लेखी पद्धती), रिस्क असेसमेंट, प्रॉडक्ट क्वालिटी रिव्ह्यू हे सगळं आम्ही हळूहळू बसवत आणलं, आता छोट्या कंपन्यांना दिलेली मुदतवाढही ३१ डिसेंबर २०२५ ला संपली, म्हणजे इन्स्पेक्शन केव्हाही होऊ शकतं.

प्रश्न असा आहे की मालकांना आता सगळं डिजिटल करायचं आहे, एक व्हेंडर येऊन ई-बीएमआरचा डेमो देऊन गेला, हातातल्या टॅबलेटच्या स्क्रीनवर ऑपरेटर बटण दाबतो आणि बॅच रेकॉर्ड आपोआप तयार होतं वगैरे, आणि तो म्हणतो की आमचं सॉफ्टवेअर पार्ट ११ कम्प्लायंट आहे, सर्टिफिकेट देतो, तुम्हाला काही करायची गरज नाही. मालक खूश. वरून डेव्हिएशनचं (ठरलेल्या पद्धतीपासून काही चुकलं तर त्याचं) इन्व्हेस्टिगेशन पण एआयकडून लिहून घेऊ म्हणून राहिले.

इकडे क्यूसीमध्ये (तपासणीच्या लॅबमध्ये) एचपीएलसीच्या, म्हणजे औषधातले घटक मोजणाऱ्या मशीनच्या, एका पीसीवर तीन अॅनालिस्ट एकाच लॉगिनने बसतात, असेचं (गोळीत औषध किती आहे त्याचं) कॅल्क्युलेशन एक्सेलमध्ये होतं, आणि औषध किती टिकतं ते बघायच्या स्टॅबिलिटी चेंबरचा तापमान नोंदवणारा लॉगर लाइट गेली की मध्येच गॅप सोडतो. मे महिन्यात इकडे लाइटचं काय होतं ते नागपूरकरांना सांगायला नको. मला मनापासून वाटतं की पैसा आधी इथे लागायला हवा, कारण गोळी पास की फेल हे याच आकड्यांवर ठरतं आणि ती गोळी कोणाच्या तरी घरी जाते. पण मालकांना पटवायला माझ्याकडे नेमके मुद्दे नाहीत. ज्यांनी हे केलंय त्यांनी प्लीज सांगा. युरोपला माल पाठवायचा विचार आहे पुढे, अमेरिका सध्या नाही.

बुटीबोरी_व्हॅलिडेशन

ताई, तुमचं बरोबर आहे, आधी लॅब.

पार्ट ११ कम्प्लायंट सॉफ्टवेअर असं काही विकत मिळत नाही. तो अमेरिकेचा १९९७ चा नियम आहे, इलेक्ट्रॉनिक रेकॉर्ड आणि सहीबद्दलचा, आणि तिथलं औषध नियामक एफडीए कुठल्याही सॉफ्टवेअरला सर्टिफिकेट देत नाही. व्हेंडर फार तर एवढंच सांगू शकतो की त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये ऑडिट ट्रेल (कोणी, कधी, काय बदललं याची नोंद) आहे, वेगवेगळे युजर बनतात, सहीसोबत नाव, तारीख, वेळ आणि सही कशासाठी केली ते येतं. ते चालू करणं, कोणाला कुठला अधिकार द्यायचा ते ठरवणं, एसओपी लिहिणं आणि तुमच्या प्लांटवर ते व्हॅलिडेट करणं, म्हणजे नीट चालतं हे तपासून सिद्ध करणं, हे सगळं तुमच्याच गळ्यात. इन्स्पेक्टर व्हेंडरला नाही विचारत, तुम्हाला विचारतो. युरोपला जायचं असेल तर तिथल्या नियमांतला कॉम्प्युटर सिस्टीमवरचा अॅनेक्स ११ बघा, सध्याचा २०११ चा आहे, पण जुलै २०२५ मध्ये त्याचा नवा मसुदा आला आणि तो बराच मोठा आणि कडक आहे, ऑडिट ट्रेल, युजर अॅक्सेस, बॅकअप, सप्लायरवर नियंत्रण सगळं त्यात सविस्तर आहे.

एआयचं म्हणाल तर त्याच मसुद्यासोबत अॅनेक्स २२ चा मसुदा पण आला, खास एआयवर. त्यात स्पष्ट लिहिलंय की क्रिटिकल जीएमपी (औषध उत्पादनाच्या दर्जाच्या) कामात एकाच इनपुटला नेहमी तेच उत्तर देणारं, वापरताना आपोआप न बदलणारं मॉडेलच चालेल, चॅट करून मजकूर लिहिणारं एआय अशा ठिकाणी वापरू नये. इतर कामात वापरलं तरी जाणकार माणसानं तपासायला हवं. मालकांना हा परिच्छेद छापून द्या.

क्यूसी_बेंच_४

मी लॅबवाली आहे म्हणून तेवढंच सांगते. कॉमन लॉगिन आजच बंद करा ताई, याला पैसा लागत नाही. बहुतेक एचपीएलसी सॉफ्टवेअरमध्ये वेगळे युजर आणि ऑडिट ट्रेल आधीच असतात, फक्त कोणी चालू केलेले नसतात. अॅनालिस्टला अॅडमिन राइट्स नकोत, ते लॅबच्या बाहेरच्या माणसाकडे द्या, आयटी असेल तर आयटीकडे. विंडोजची तारीख-वेळ अॅनालिस्टला बदलता येता कामा नये, हे बरेच जण विसरतात, सॉफ्टवेअर लॉक करतात आणि पीसीचं घड्याळ उघडं ठेवतात. डेटा फोल्डर विंडोजमधून डिलीट होतो का तेही बघा. आणि ऑडिट ट्रेल फक्त चालू ठेवून उपयोग नाही, बॅच रिलीज करायच्या आधी कोणीतरी तो वाचायला हवा, पुन्हा इंटिग्रेशन (आलेखावरून परत मोजणी) का केलं, मशीनवर अर्धवट सोडलेलं इंजेक्शन कुठलं, ट्रायल म्हणून सॅम्पल मशीनवर मारलं का.

एक्सेल: फॉर्म्युलाचे सेल लॉक करा, टेम्प्लेटला नंबर आणि व्हर्जन द्या, हाताने कॅल्क्युलेशन करून जुळवून बघा आणि ते कागदावर ठेवा, ओरिजिनल फाइल रीड-ओन्ली फोल्डरमध्ये. मॅक्रो असेल तर मात्र ते स्वतः बनवलेलं सॉफ्टवेअरच समजा, टेस्टिंग तेवढंच करावं लागेल.

मिहान_आयटीवाला

चेंबरच्या लॉगरला यूपीएस द्या आणि असा लॉगर घ्या ज्याच्या स्वतःच्या मेमरीत रीडिंग राहतं, लाइट आली की पीसीला पाठवतो. दुसरं, बॅकअप घेतो असं सगळे सांगतात, परत आणून कोणी बघत नाही. एक जुनी क्रोमॅटोग्राम (एचपीएलसीच्या आलेखाची) फाइल बॅकअपमधून उचलून उघडून दाखवा, उघडली तरच तो बॅकअप. क्लाउडवाला ई-बीएमआर घेणार असाल तर नेट गेल्यावर ग्रॅन्युलेशन (पावडरचे दाणे करणं) मध्येच असताना काय करायचं ते व्हेंडरकडून लेखी घ्या, आणि कॉन्ट्रॅक्ट संपल्यावर तुमचा डेटा वाचता येईल अशा स्वरूपात परत मिळेल हे पण.

बुटीबोरी_व्हॅलिडेशन

पैशाचा मुद्दा राहिला. केंद्राची फार्मा टेक्नॉलॉजी अपग्रेडेशनची योजना आहे, मार्च २०२४ मध्ये सुधारली, तुमच्याएवढ्या उलाढालीला खर्चाच्या २० टक्के, एका युनिटला जास्तीत जास्त १ कोटी. लॅब आणि स्टॅबिलिटी चेंबरचा खर्च त्यात बसतो, योजना अजून चालू आहे का ते बघा आणि अटी नीट वाचून घ्या. मालक ऐकतील बहुतेक या भाषेत.

हिंगणा_क्यूए

खूप खूप आभार सगळ्यांचे, लॉगिनचं काम सोमवारपासून सुरू करते, आणि योजनेचा कागद आणि अॅनेक्स २२ दोन्ही घेऊन केबिनमध्ये जाते.

अजून एक विचारायचं होतं. पुढे कधी ई-बीएमआर आलंच तर आमचे कॉम्प्रेशनचे (गोळी दाबणाऱ्या मशीनचे) ऑपरेटर इंग्रजी स्क्रीनवर अडतील, वीस-वीस वर्षं मशीन चालवणारे लोक आहेत, आवाजावरून मशीनचा गोळी दाबणारा पंच घासला हे सांगतात, त्यांना परक्या भाषेत बटण दाबायला लावणं मला बरोबर वाटत नाही. स्क्रीन मराठीत करता येतो का?

बुटीबोरी_व्हॅलिडेशन

येतो, पण ते यूआरएसमध्येच (सॉफ्टवेअरकडून आपल्याला काय काय हवं त्याच्या कागदात) लिहा, नंतर मागितलं तर व्हेंडर वेगळे पैसे लावतो. आणि मराठी स्क्रीनचं टेस्टिंग वेगळं करायचं, प्रत्येक सूचना बरोबर उमटते का, मर्यादेबाहेर आकडा टाकला की इशारा मराठीत येतो का, आणि प्रिंट काढल्यावर जोडाक्षरं तुटत नाहीत ना. यूआरएस लिहायला बसाल तेव्हा त्याच ऑपरेटर लोकांना सोबत घ्या भाऊ-ताई म्हणून. माझ्याकडे एक साधा यूआरएसचा नमुना आहे, कंपनीचं नाव काढून उद्या इथेच टाकतो.