रात्रीची शेवटची मॅच आणि झाकून ठेवलेलं ताट

मोशीकर३४ यांचा प्रश्न

नमस्कार. वय ३४. चाकण एमआयडीसीत एका कंपनीत सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर, सेटर आहे. बायको एका दवाखान्यात रिसेप्शनला असते, मुलगी चार वर्षांची. मी रोज रात्री बीजीएमआय, म्हणजे फोनवरचा टीम करून खेळायचा बंदुकांचा ऑनलाइन गेम, खेळतो आणि आता त्याची झळ घराला आणि कामाला, दोन्हीकडे लागायला लागलीय. 'डिलीट कर' हा उपाय मी दोनदा केला. दोन्ही वेळा आठवड्याच्या आत गेम परत फोनमध्ये होता. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आम्ही चौघं कराडला आयटीआयला एकत्र होतो. एक आता नाशिकला, एक कराडलाच, एक दोह्याला. दोह्याचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे. त्याची ड्यूटी सात वाजता सुटते, म्हणजे आपल्याकडे साडेनऊ. तो खोलीवर येऊन जेवेपर्यंत साडेदहा होतात, मग आम्ही सुरू करतो. पहिल्या शिफ्टला मला पावणेसहाला कंपनीची बस असते. खेळ बाराला थांबवायचा असं रोज ठरतं, आणि रोज एक वाजतो.

२०२१ च्या डिसेंबरात माझे वडील गेले. दिवस झाल्यावर मी मोशीला परत आलो, त्या रात्री तिघं गेमच्या लॉबीत, म्हणजे मॅचआधी जमतात तिथे, आले. मॅच कुणीच सुरू केली नाही. माइक चालू ठेवून दोन तास नुसते बोलत बसलो. पुढे २०२२ च्या जुलैमध्ये गेम स्टोअरवरून काढला गेला. मी नेमका त्याच सुमारास फोन बदलला होता, त्यामुळे २०२३ च्या मेमध्ये तो परत येईपर्यंत माझ्याकडे गेमच नव्हता. त्या दहा महिन्यांत आम्ही एकमेकांना किती फोन केले असतील? दोन. माझी खरी भीती ही आहे. गेम गेला तर ही माणसं जातील.

आता नुकसान सांगतो. मागच्या महिन्यात पहिल्या शिफ्टला जेमतेम साडेतीन तास झोपून गेलो होतो. जॉबचा बोअर, म्हणजे आतलं भोक, थोडा लहान येत होता. वेअर ऑफसेट, म्हणजे टूलची झीज भरून काढायचा आकडा, ०.०५ द्यायचा होता, मी ०.५ दिला. पहिला जॉब काढून मोजायचा असतो, तो मोजलाच नाही. क्वालिटीच्या मुलाने बोअर गेज लावला तोवर अकरा जॉब झाले होते. बोअर लहान असेल तर परत मारता येतो, मोठा झाला की भंगार. सुपरवायझर ओरडले नाहीत, "घरी सगळं ठीक आहे ना?" एवढंच विचारलं. मी हो म्हणालो.

घरी ठीक नाही. पूर्वी बायको भांडायची. आता माझं ताट वाढून वर दुसरं ताट झाकते आणि मुलीला घेऊन झोपते. सव्वा वाजता ते ताट उघडलं की भाकरी वातड झालेली असते आणि भाजीवर तेल थिजलेलं. तिने मला शेवटचं कधी विचारलं, "किती वेळ लागेल?", तेही आठवत नाही. परवा मुलगी बाहुली आडवी करून म्हणत होती, "नॉक झाली, रिव्हाइव्ह दे." गेममध्ये गडी पडला की त्याला उठवायला आम्ही असंच ओरडतो. मी हसलो. बायको उठून आत गेली.

पैसे लावत नाही, एक रुपयाही टाकलेला नाही. गेमलाही दोष देत नाही, खेळतो मी. मित्र ठेवून घर परत कसं मिळवू, एवढंच सांगा.

गोदाकाठ यांचं उत्तर

दादा, मी तुमच्या बायकोच्या जागेवर तीन वर्षं बसलेय, म्हणून लिहिते. मला गेमचा राग नव्हता. राग होता "पाचच मिनिटं"चा. मी खरंच पाच मिनिटं धरून पोळ्या तव्यावर टाकायचे. ती मॅच मध्ये थांबवता येत नाही, शंभर जण उतरतात आणि शेवटपर्यंत टिकलं तर अर्धा तास जातो, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. मला वाटायचं, हा मुद्दाम उठत नाही.

आमच्याकडे फरक पडला तो यांनी मिनिटं सोडून मॅच मोजायला लागल्यावर. "आज दोन मॅच, पावणेअकरापर्यंत, आधी जेवू." आणि तसं झालं. पहिले पंधरा दिवस माझा विश्वास बसला नाही. तुमच्या घरीही लगेच बसणार नाही, तेवढं धरून चला. आणि वडिलांनंतरच्या त्या रात्रीचं तुम्ही तिला कधी सांगितलंय का? तिच्या लेखी ते तिघं म्हणजे फोनमधले आवाज असतील. आम्हाला इथे सांगितलंत तसं तिला सांगा.

जुना_गडी यांचं उत्तर

मित्रा, मी ४६ चा, अरेतुरे करतो. रात्रपाळ्या मीही केल्यात. तुझ्या लिहिण्यात मला दिसतं ते असं की चौघांची भेट आणि रँक या दोन गोष्टी एकात एक अडकल्यात. रँक पुश करायचा, म्हणजे गेममधला नंबर वर चढवायचा म्हटलं की हरल्यावर 'एक अजून', जिंकल्यावरही 'एक अजून'. सीझन बदलला की रँक खाली येतोच, मग परत चढाई. चौघांनी मिळून रँक सोडा, बघ बाराला फोन खाली ठेवता येतो की नाही.

दुसरं, रोज एकाच वेळी चौघांनी जागं राहावं लागणार नाही असा खेळ घ्या. आमचा जुना ग्रुप क्लॅश ऑफ क्लॅन्सवर आहे. वॉरचा दिवस चोवीस तासांचा, प्रत्येकाला दोन हल्ले, एक हल्ला तीन मिनिटांचा. मी जेवणाच्या सुट्टीत करतो, दुसरा त्याच्या वेळेला. दिवसभर चॅटवर शिव्या चालू असतात, मैत्रीला तेवढं पुरतं. दोह्यात शुक्रवारी सुट्टी असते ना? मग बीजीएमआय शुक्रवारी दुपारी खेळा. आणि पहिल्या शिफ्टच्या आठवड्यात रात्री फोन हातात घेऊच नकोस. आज ऑफसेट चुकला, उद्या फिरणाऱ्या चकच्या आसपास हात असेल. हे मी जीव तोडून सांगतोय, माझ्या लाइनवर झोपेपायी एकाची दोन बोटं गेलीत.

समुपदेशक_ताई यांचं उत्तर

या क्षेत्रात काम करते म्हणून थोडंच लिहिते. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत, आयसीडी-११ मध्ये, गेमिंगचा विकार नोंदलेला आहे, ती यादी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. त्यात तीन गोष्टी बघतात: खेळण्यावरचा ताबा सुटणं, बाकी सगळ्याआधी खेळ येणं आणि नुकसान दिसत असूनही खेळ चालू राहणं. तेही साधारण बारा महिने. तुम्ही दोनदा डिलीट करून परत घेतलात, म्हणून हे स्वतःशी नीट तपासा. त्यावरून मी इथे बसून तुम्हाला विकार आहे असं म्हणणार नाही. वेळ बदलूनही जमलं नाही तर टेली-मानसला, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला, १४४१६ वर फोन करा. फुकट आहे, चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं. बायकोला शेजारी बसवून केलात तर अधिक चांगलं.

मोशीकर३४

तीन आठवड्यांनी लिहितोय. गोदाकाठ ताईंचं वाचून त्या डिसेंबरातल्या रात्रीचं बायकोला सांगितलं. तिला माहीतच नव्हतं. ती म्हणाली, "मला वाटलं तू त्या दिवशीसुद्धा खेळत होतास." चार वर्षं ती हे मनात धरून होती.

शुक्रवारचं ठरलंय. पहिली शिफ्ट असेल तर दुपारी साडेचार, दुसरी असेल तर सकाळी अकरा, तिसरी असेल तर त्या आठवड्याला सुट्टी. नाशिकवाला कुरकुरला, रँक जाईल म्हणाला. दोहावाला म्हणाला, "मलाही झोप पाहिजे रे, तुम्ही थांबता म्हणून मी थांबतो." म्हणजे इतकी वर्षं चौघंही एकमेकांसाठी जागत होतो.

दोन रात्री मोडलं, लपवत नाही. मंगळवारी पावणेदहाला जेवायला बसलो तेव्हा तिने विचारलं, "आज किती मॅच?" एकही नाही म्हटलं. मग तिने तव्यावरची भाकरी थेट माझ्या ताटात टाकली.